थांबणाऱ्याने चहा करायचा

१

‘तुम्ही एका खोलीत आहात. इथे काही नाही.’

ग्रंथपालांनी पडद्यावरची दोन वाक्यं मोठ्याने वाचली आणि पुढे काय करावं हे न सुचल्यामुळे चष्मा काढून पुसला. वाचनालयाच्या माडीवरच्या त्या खोलीत पाच माणसं होती. एरवी एकमेकांना बोलू न देणारी ही माणसं आता पडद्याकडे नुसती बघत राहिली.

हे मंडळ होतं संवादी कथांचं. म्हणजे नुसत्या वाचून सोडून द्यायच्या नव्हेत, अशा गोष्टींचं. पडद्यावर चार ओळी उमटतात, खाली एक रेघ लुकलुकत तुमची वाट बघते, आणि तुम्ही हुकूम टंकायचा: दिवा लाव, पेटी उघड, उत्तरेला जा. गोष्ट हुकूम पाळते, नाहीतर तुम्हाला वेड्यात काढते. जगाच्या लेखी हा रिकामटेकड्यांचा उद्योग होता, आणि मंडळाच्या लेखी जगच जरा कंटाळवाणं होतं. महिन्यातून एका दुपारी सगळे मिळून एक कथा खेळत. ग्रंथपाल हुकूम आणि उत्तर दोन्ही मोठ्याने वाचत, बेकरीवाले काका टंकत, बाकीचे हुकूम सुचवत. टंकणाऱ्याने मनचं काही टंकायचं नाही, कोणी बोलेल तेवढंच टंकायचं, असा दंडक होता.

दुसरा दंडक चहाचा. ‘थांब’ असा हुकूम जो देईल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. थांबणं म्हणजे एक चाल फुकट घालवणं, आणि मंडळाला आळशी खेळाडू चालत नसत. विमावाल्या मावशी नवीन होत्या तेव्हा पहिल्याच बैठकीत त्यांनी भाबडेपणाने ‘थांब’ म्हटलं होतं. सगळ्यांच्या कपबशा विसळताना त्यांनी कानाला खडा लावला. बाकीच्यांनी तर तो शब्द कित्येक वर्षांत उच्चारलाही नव्हता.

आजची कथा मंडळातल्याच घड्याळजींची होती, आणि घड्याळजी महिन्यापूर्वी गेले होते. आपली ही शेवटची कथा त्यांनी कोणालाच दाखवली नव्हती. विचारलं की एवढंच म्हणत, “शेवट माझ्या लेकीसाठी आहे.” त्या लेकीशी त्यांचा अबोला होता. घड्याळदुरुस्तीचं दुकान सांभाळायचं सोडून ती शहरात बस चालवायला लागली, त्यावरून दोघांत जे वाजलं ते मिटलंच नाही. वडील गेल्यावर दुकान आवरताना तिने त्यांचा संगणक वाचनालयात आणून दिला, आणि आज कधी नव्हे ते ती बैठकीला आली होती. अंगात बसचालकाचा गणवेश, संध्याकाळच्या पाळीवर जायचं असल्यामुळे खुर्चीच्या कडेवर टेकलेली. बाबांनी आपल्यासाठी काय ठेवलंय, एवढंच तिला ऐकायचं होतं.

“दिवा लावा आधी,” दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मंडळातल्या सगळ्यात तरबेज खेळाडू त्याच, आणि हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे.

“दिवा लाव,” ग्रंथपालांनी वाचलं. “इथे दिवा नाही.”

“मग पूर्वेला जा.”

“पूर्वेला जा. तिकडे वाट नाही.”

“उत्तरेला जाऊन बघू,” स्वतः ग्रंथपाल म्हणाले, आणि मग त्यांनीच वाचलं, “उत्तरेला जा. तुम्ही एका खोलीत आहात. इथे काही नाही.”

कोणी काही बोलेना. कळफलक तेवढा वाजला.

“वर जा,” ग्रंथपालांनी वाचलं. “तुम्ही एका खोलीत आहात. इथे काही नाही.”

यापुढे ग्रंथपालांना राहवलं नाही. त्यांनी कथेचं पोट उघडून बघितलं, म्हणजे लेखकाने प्रत्येक खोलीसाठी लिहिलेला मजकूर जिथे असतो ती जागा. प्रत्येक खोलीत तेच एक वाक्य होतं. इथे काही नाही, इथे काही नाही, इथे काही नाही. घड्याळजींची कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

“कोणीतरी पुसलंय,” ग्रंथपाल म्हणाले.

“नाही,” लेक उठून उभी राहिली. “कोणी पुसलं नाही. बाबांनीच लिहिलंय हे. मला हेच सांगायचं होतं त्यांना. इथे काही नाही.”

२

मावशींनी तिचा हात धरला. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीसाठी जळकी दुकानं आणि गोदामं तपासली होती. राखेत उभं राहून रडणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती, पण ही पोर रडत नव्हती, आणि त्यांना त्याचीच धास्ती वाटली.

“तुझ्या पाळीला अवकाश आहे ना? मग बस. तुझ्या बाबांनी हे केलं असेल तर मी स्वतः तुला बसस्टँडवर सोडायला येईन. पण मला तसं वाटत नाही.”

“कशावरून?”

“ते अजून ठरायचंय,” मावशी म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे.

त्यांनी आधी डॉक्टरबाईंना बाहेरच्या गॅलरीत बोलावलं. पडदा रिकामा निघाला तेव्हा सगळ्यांचे डोळे पडद्याकडे होते, डॉक्टरबाईंचे मात्र आपल्या हातांकडे होते. मावशींनी ते टिपलं होतं.

“तुम्ही ही कथा आधी पाहिली होती,” मावशी म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

डॉक्टरबाई आधी उसळल्या. रुग्णाला दटावतात तशा आवाजात म्हणाल्या, “भलतंच काय बोलता?” मग कठड्याला टेकल्या आणि एकदम ओसरल्या. “हो. पाहिली. चोरून. ग्रंथपालांच्या खोलीची किल्ली दाराआडच्या खिळ्याला असते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. संगणक इथे आला त्याच आठवड्यात मी आले होते.”

“का?”

“मला बघायचं होतं की म्हातारा माझ्यापेक्षा चांगलं लिहितो का.”

“आणि?”

“पहिल्या खोलीत एक घड्याळ होतं. त्याला किल्ली दिली की ते तुम्हाला विचारायचं, कोणासाठी देताय? मावशी, मी तिथेच संगणक बंद केला. बक्षिसं सगळी माझ्याकडे आहेत, पण असलं एक वाक्य मला सुचायचं नाही. जळफळाट झाला माझा. पण शपथेवर सांगते, एका अक्षराला हात लावला नाही.”

मावशींनी डॉक्टरबाईंकडे नीट पाहिलं. स्वतःची एवढी लाज काढून कोणी खोटं बोलत नाही. आणि त्यांचं म्हणणं खरं असेल तर एक गोष्ट उघड होती. घड्याळजी गेल्यावरही कथा भरलेली होती. म्हणजे रिकामी करणारा हात त्यांचा नव्हता.

ही बातमी दिलासा देणारी होती, पण तेवढ्यावर भागत नव्हतं. कथेचं पोट उघडून मजकूर बदलणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. ते फक्त मंडळातल्यांनाच जमणारं होतं.

“एक सांगा,” त्या जाताजाता म्हणाल्या. “मघाशी ‘वर जा’ तुम्ही म्हणालात का?”

“मी कशाला म्हणेन? घड्याळजींच्या कथेत वर कोण जाईल?”

३

ग्रंथपाल माडीवरच्या छोट्या चहाच्या खोलीत स्टुलावर बसले होते. कोणाचा तरी मुडदा आपल्या कपाटात सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“माझ्या ताब्यातली वस्तू होती मावशी. आता त्या पोरीला काय तोंड दाखवू?”

“तुमच्या खोलीत कोण कोण येतं?”

“दिवसा कोणीही येतं. पण माझ्या डोळ्यांदेखत. वाचनालय उघडायच्या आधी फक्त काका. सकाळचा पाव इथे ठेवून जातात, म्हणून दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. पण काकांवर संशय घेऊ नका हो. घड्याळजींचा त्यांच्याइतका जवळचा माणूस दुसरा नव्हता. हल्ली बघताय ना, किल्ल्यांचं जुडगं मुठीत धरून बसतात नुसते.”

मावशींनी बघितलं होतं. आताही काका बैठकीच्या खोलीत तसेच बसले असणार.

“‘वर जा’ तुम्ही म्हणालात का मघाशी?”

“छे. मी उत्तरेला म्हणालो.” ग्रंथपालांना तशातही हसू आलं. “घड्याळजींच्या कथांत जिना नसायचाच. राहायला दुकानाच्या वर, आणि गुडघा दुखरा. म्हणायचे, घरच्या जिन्याने जीव खाल्लाय, गोष्टीत तरी नको. म्हणून तर आम्ही थट्टा करायचो, घड्याळजींच्या जगात सगळं जमिनीवर.”

“मला एक समजावून सांगा. मी या खेळात अजून कच्ची आहे. जिकडे रस्ता नाही तिकडे जा म्हटलं, तर गोष्ट काय म्हणते?”

“तिकडे वाट नाही, असं म्हणते. पूर्वेला गेल्यावर म्हणाली तसं.”

“आणि वर गेल्यावर?”

ग्रंथपाल स्टुलावरून उठले.

“वर गेल्यावर आपण खोलीत पोचलो,” मावशी म्हणाल्या. “म्हणजे या एका कथेत जिना आहे. तो घड्याळजींनी पहिल्यांदाच बांधला, आणि तुम्हाला, डॉक्टरबाईंना, मला, कोणालाच ठाऊक नव्हता. त्या रिकाम्या खोलीत वर जा म्हणायचं कोणाला सुचेल? ज्याने तो जिना आधी चढलाय त्याला. लेक गप्प होती. तुम्ही म्हणाला नाहीत, डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. कोणी बोललं नाही, तरी हुकूम टंकला गेला.”

“टंकत तर काका होते,” ग्रंथपाल म्हणाले.

४

मावशी खोलीत आल्या तेव्हा बेकरीवाले काका कळफलकासमोरच बसलेले होते. शेजारच्या खुर्चीवर लेक होती. लहान असताना ती त्यांच्या भट्टीपाशी अभ्यास करायची, आणि आताही ती काकांच्याच आधाराने बसली होती. मावशींना पुढचं बोलणं नकोसं झालं. पण न बोलून भागणार नव्हतं.

“काका, टंकणाऱ्याने मनचं टंकायचं नाही. तुम्ही आज दंडक का मोडलात?”

काकांनी वर पाहिलं नाही. लेक मात्र चमकून मावशींकडे आणि मग काकांकडे बघायला लागली.

“वरची खोली पुसायची राहून गेली तर नाही ना, अशी तुम्हाला धास्ती होती,” मावशी म्हणाल्या. “बाकीच्या खोल्यांची तुम्हाला पर्वा नव्हती. तुम्हाला ती एकच खोली हिच्यापासून लपवायची होती.”

काकांचे खांदे पडले.

“मी केलं,” ते म्हणाले. “पोरी, मी केलं ते.”

लेकीने त्यांच्या हातावरचा आपला हात काढून घेतला. खोलीत सगळ्यांनाच तोंडात मारल्यासारखं झालं. डॉक्टरबाई दारातच थबकल्या.

“काका, तुम्ही? बाबांनी माझ्यासाठी ठेवलेलं, तुम्ही?”

“मी तुझ्या आधी वाचलं. सकाळी पाव ठेवायला आलो आणि राहवलं नाही, दोस्ताचा आवाज ऐकायचा होता मला. सगळी कथा खेळलो. शेवटी, उत्तरेच्या खोलीत, एक जिना लागतो. वर दार. वाजवलं, कोणी येत नाही. ढकललं, हाक मारली, कडी हलवली, फटीतून बघितलं, मला येतात तेवढे सगळे हुकूम देऊन झाले. रोज सकाळी येऊन देत होतो. दार उघडत नाही. खाली उतरलं की गोष्ट संपते.” त्यांनी मनगटाने डोळे पुसले. “जिवंतपणी दार लावून बसला, आणि मेल्यावरही लावून गेला. हे तुला वाचायला लावू? माझा दोस्त होता तो, पण त्या सकाळी मी त्याला शिव्या घातल्या. तुला वाटावं की चोर आला, संगणक बिघडला, काहीही वाटावं. पण हे नको.”

“आणि तिला वाटलं की बाबांनीच रिकामं ठेवलं,” मावशी म्हणाल्या.

“ते मला सुचलंच नाही,” काका म्हणाले. “तिने तसं म्हटलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण बोलायची हिंमत झाली नाही.”

मावशींनी हात पुढे केला. “द्या.”

“काय?”

“आयुष्यभर मी जळकी दुकानं बघितली, काका. स्वतःच्या हाताने दुकान पेटवणारा माणूस एक तरी जिवाची वस्तू आधी घरी नेऊन ठेवतो. ज्याला कथा नको होती त्याने ती सरळ काढून टाकली असती. तुम्ही एकेका खोलीत जाऊन पुसत बसलात. तुमच्याने ती फेकवली नसणार. आणि इतके दिवस तुम्ही ते जुडगं हातातून सोडलेलं नाही.”

काकांनी मूठ उघडली. बेकरीच्या, गाडीच्या, वाचनालयाच्या किल्ल्यांमध्ये करंगळीच्या नखाएवढा एक पेनड्राइव्ह अडकवलेला होता.

५

“वाचायचं की नाही ते तू ठरव,” मावशी लेकीला म्हणाल्या. “आता तुला माहीत आहे, दार उघडत नाही.”

“मला तेवढंच माहीत आहे,” लेक म्हणाली. “निदान त्यांच्या तोंडून ऐकू दे.” तिने काकांना खूण करून उठवलं आणि स्वतः कळफलकासमोर बसली.

कथा भरलेली होती. किल्ली मागणारं घड्याळ होतं, काचेखाली झोपलेले काटे होते. ग्रंथपाल वाचत गेले, आणि मधूनच त्यांचा आवाज घड्याळजींसारखा लागत होता. मग जिना आला.

“वर जा. तुम्ही शेवटच्या पायरीवर आहात. समोर दार आहे. आतून पुष्कळ घड्याळांची टिकटिक ऐकू येते.”

लेक पडद्याकडे झुकली. “हे आमचंच दार आहे.”

तिने दार वाजवलं. ‘तुम्ही दार वाजवता. कोणी येत नाही.’ डॉक्टरबाईंनी एकामागून एक हुकूम सुचवले, आजवर कुठल्याच कथेचं दार त्यांच्यापुढे टिकलं नव्हतं. कडी काढ. बिजागरी तपास. नाव सांग. दाराखालून चिठ्ठी सरकव. टिकटिक चालू राहिली आणि दार बंदच राहिलं. शेवटी डॉक्टरबाईंनीही मान हलवली.

“त्या दिवशी असंच झालं होतं,” लेक म्हणाली. तिचं बोलणं कोणाला उद्देशून नव्हतं. “पहिला पगार झाला होता. त्यांना सांगायला गेले. दार वाजवलं, आतून ओ नाही. दिवा तर दिसत होता. मला कळायचं ते कळलं. मी परत कधी गेले नाही.”

मावशी पडद्याकडे बघत होत्या. जळक्या दुकानात उभं राहून करायचा तोच विचार त्या करत होत्या. काकांनी काय काय करून पाहिलं, डॉक्टरबाईंनी काय काय करून पाहिलं, आणि या सगळ्या तरबेज माणसांनी काय करून पाहिलं नाही?

“दार वाजवल्यावर तू किती वेळ उभी होतीस ग?”

“उभी कुठे होते? रागाच्या भरात लगेच फिरले.”

बोलता बोलता ती पडद्याकडे वळली. लेकीने हळूच कळफलकाकडे हात नेले आणि दोन अक्षरं टंकली.

“थांब,” ग्रंथपालांनी वाचलं. “तुम्ही थांबता. टिकटिक चालू आहे.”

तिने पुन्हा तेच टंकलं.

“थांब. आत कोणीतरी म्हणतं, आलो, हातात केसाएवढी स्प्रिंग आहे, सोडली तर हरवेल.”

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“थांब. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. दुखरा गुडघा घेऊन कोणीतरी भिंतीला धरून येतंय.”

“थांब,” ग्रंथपालांनी वाचलं, आणि पुढची ओळ वाचायला त्यांना वेळ लागला. “दार उघडतं. त्या दिवशीही उघडलं होतं. तेव्हा जिना रिकामा होता. तुझ्या मागे धावायला गुडघा नव्हता, आणि नंतर गुडघ्याचंच निमित्त करून मी बसून राहिलो. आज तू थांबलीस. आत ये.”

लेक पडद्याकडे बघत राहिली. मग ती रडायला लागली, मघापासून मावशी ज्याची वाट बघत होत्या ते रडणं. काका भिंतीला टेकून खाली बसले. “मी हे पुसलं होतं,” ते पुन्हापुन्हा म्हणत होते. “माझ्या हातांनी हे पुसलं होतं.”

“रोज सकाळी जाऊन उभे राहिलात, काका,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही थांबायचंच तेवढं विसरलात. इथे सगळेच विसरलेत.”

“थांबणाऱ्याने चहा करायचा,” ग्रंथपाल स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी जीभ चावली.

लेकीने डोळे पुसत वर पाहिलं. “म्हणजे काय?”

त्यांनी ओशाळून दंडक सांगितला.

“कोणी केला हा नियम?”

डॉक्टरबाई आठवून म्हणाल्या, “घड्याळजींनी. पहिल्याच वर्षी. आम्ही हसलो होतो, तर म्हणाले, आळशी माणसं मला नकोत. ही कथा तेव्हापासून लिहीत होते की काय, देव जाणे. आमच्यापैकी कोणी ते दार उघडू नये, याची सोय करून ठेवली त्यांनी.”

काका भिंतीचा आधार घेऊन उठले आणि चहाच्या खोलीकडे वळले. आपण आता दुसरं काय करू शकतो, असं त्यांच्या चालण्यात होतं. लेकीने त्यांची बाही धरली. अजून राग गेला नव्हता, पण बाही तिने सोडली नाही.

“तुम्ही बसा काका. थांबले मी. चहा मला करायचाय.”

ती आत गेली. काकांनी जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवला, टेबलावर तिच्या गणवेशाच्या टोपीशेजारी ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिले. आतून किटली भरल्याचा आवाज आला. पाळीची वेळ होत आली होती, पण कोणी तिला घाई केली नाही.